अक्रोडाचा दस्ता

१

गॅरेजच्या छताला तार होती, तारेला हूक होता, पण हुकाला दस्ता नव्हता. कॉस्मास तुस्कानो त्या रिकाम्या हुकाकडे इतका वेळ बघत राहिला, की शेवटी शोभानेच त्याच्या हातातली प्रवासाची बॅग काढून खाली ठेवली.

शोभा केळकर आली होती त्याचं पार्सल द्यायला. सिडनीतल्या स्कोफिल्ड्सच्या त्या गल्लीत जो घरून काम करत असेल त्याने सगळ्यांची पार्सलं घ्यायची, असा अलिखित नियम होता. शुक्रवारी ती पाळी शोभाची असे. कॉस्मास रेल्वेच्या रुळांच्या कामासाठी मंगळवारी गोलबर्नला गेला होता आणि शनिवारी यायचा होता. काम आटोपलं म्हणून तो एक दिवस आधीच परतला आणि घरात शिरायच्या आधी गॅरेजमध्ये शिरला. गेले वर्षभर तो सगळीकडून आधी गॅरेजमध्येच शिरत असे.

कारण गॅरेजमध्ये रायफल जन्माला येत होती. डब्बोकडच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये कॉस्मासला एक जुनी लष्करी माउझर मिळाली होती. वाळवीने लाकूड खाल्लेलं, नळी गंजलेली. पण आतली ॲक्शन, म्हणजे बोल्ट जिच्यात मागेपुढे सरकतो ती पोलादी पेटी, अजून ठणठणीत होती. नवी नळी परवानाधारक गनस्मिथने बसवून दिली. लाकूडकाम, म्हणजे खांद्याला टेकायचा दस्ता, मात्र कॉस्मासने कोणाला करू दिलं नाही. लोखंडाला काजळी फासायची, ते अक्रोडाच्या लाकडात दाबून बघायचं, काळा डाग जिथे उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं आणि पुन्हा दाबायचं. असं करत करत त्याने लोखंड लाकडात असं बसवलं होतं, की मध्ये कागद जाऊ नये.

हे सगळं त्याच्या मुलीसाठी, ॲन्ड्रियासाठी. ती जनावरांची डॉक्टर झाली होती आणि रविवारी कूनाबॅराब्रनला पहिल्या नोकरीवर निघणार होती. बापलेकीचं शनिवारी क्लबच्या रेंजवर जाणं तिच्या युनिव्हर्सिटीपासूनचं. परवाना, परमिट, डीलरकडची नोंद, सगळं झालं होतं. शनिवारी जेवणानंतर पूर्ण रायफल तिच्या हातात द्यायची, एवढंच बाकी होतं.

"तिजोरी बघितलीस?" शोभाने विचारलं.

"बघितली. नळी, ॲक्शन, बोल्ट, सगळं कुलपात जागच्या जागी आहे. फक्त लाकूड गेलं." लाकडाला ना परवाना लागतो ना कुलूप, म्हणून ते तेल सुकायला उघड्यावर टांगलेलं होतं.

"पोलिसांना कळवायचं?"

"आणि काय सांगू? शेजारी नवीकोरी सायकल सोडून चोराने लाकूड नेलं म्हणून?" कॉस्मासने बाजूच्या दाराच्या कोडवाल्या कुलपावर हात फिरवला. ओरखडासुद्धा नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "घरातलंच कोणीतरी, शोभा."

आणि त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे त्याची बायको लुर्डस पाठमोरी उभी राहून कांदे चिरत होती.

२

शोभा सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायची आणि ते तिला मनापासून आवडायचं. गल्लीत कोणाची किल्ली हरवो नाहीतर कोणाचं मांजर, बोलावणं शोभाला यायचं. तिचा नवरा दत्तप्रसाद या सगळ्याला बायकोचा दुसरा जॉब म्हणे.

आताही तो मागोमाग आलाच. गळ्याभोवती मफलर, हातात लोकरीचे मोजे, नाक लालबुंद आणि डोळे त्याहून लाल. मंगळवारपासून त्याला सर्दीने धरलं होतं.

"काय झालं?" त्याचा आवाज बसला होता.

"दस्ता गेला," कॉस्मास म्हणाला.

"तू... तू उद्या येणार होतास ना?"

"आज आलो, मेट. हरकत आहे का?"

"छे छे! नो वरीज." दत्तप्रसाद खोकला. "मी काय म्हणतो, सापडेल. उद्यापर्यंत आपोआप सापडेल बघ."

"आपोआप काही सापडत नसतं," शोभा म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. हुकाच्या बरोबर खाली जमिनीवर तेलाचे दोनचार थेंब होते. तिने डाव्या हाताचं बोट लावलं. ओलं होतं.

"हे कधीचं?"

कॉस्मास वाकला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माझं नाही. मी शेवटचा हात मंगळवारी सकाळी दिला. माझं तेल दिवसात सुकतं. आणि माझा थेंब कधी खाली पडत नाही. तळहातावर जरासं घ्यायचं, उघड्या तळव्याने चोळायचं, लाकूड गरम लागेपर्यंत. हे कोणीतरी बदाबदा ओतलंय."

याचा अर्थ मंगळवारनंतर कोणीतरी दस्त्याला तेल लावलं होतं. चोरायचंच होतं तर तेल कशाला? शोभाने बोट पँटला पुसलं आणि त्यावर विचार करू लागली. तेवढ्यात कॉस्मासचा फोन वाजला. क्लबमधला त्याचा मित्र ॲलन होता. कॉस्मासने त्याला सगळं सांगितलं, पलीकडचं ऐकलं, आणि फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काल दुपारी ॲलन क्लॅम्प परत द्यायला आला होता. त्याने लुर्डसला इथून बाहेर पडताना पाहिलं. त्याला बघून दचकली म्हणे. गळ्यात मोजायची टेप होती, आणि काखेत काहीतरी कापडात गुंडाळलेलं होतं."

दत्तप्रसादने तोंड उघडलं. "मी काय म्हणतो—" आणि त्याला अशा जोरदार शिंका आल्या, की बोलणं तिथेच राहिलं.

३

लुर्डसला गाठायचं म्हणजे स्वयंपाकघरात, आणि काहीतरी खाऊनच. तिने शोभासमोर गरम फुगे, कढईतून काढलेले मैद्याचे गोळे, ठेवले. वसईहून आणलेल्या सवयी तिने सिडनीत जशाच्या तशा जपल्या होत्या, आणि आल्यागेल्याला उपाशी न सोडणं ही त्यातली पहिली.

"काल गॅरेजमध्ये कशाला गेली होतीस, लुर्डस?"

"माझ्या घरातल्या गॅरेजमध्ये मी का गेले, ते आता तुला सांगू?"

"कॉस्मासला वाटतंय..."

"मला माहितेय त्याला काय वाटतंय. आल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नुसता बघतो." लुर्डसने कढईत फुगा सोडला. "सगळ्या गल्लीला माहितेय, मला पोरीने एवढ्या लांब जायला नकोय. तिथे ना आपलं माणूस, ना चर्चमध्ये मराठी मास. मग दस्ता मीच लपवला असणार, नाही का? रायफल नाही म्हणजे पोरगी रडेल, पोरगी रडली म्हणजे थांबेल. वाटू दे त्याला."

"एकदा सांगून टाक ना, टेप कशाला होती ते."

"नाही सांगणार. चोर म्हणून बघणाऱ्याला खुलासे देणारी बाई मी नाही. तो दुसरा फुगा घे."

शोभाने घेतला. घेताना तिचं लक्ष लुर्डसच्या डाव्या हाताकडे गेलं. पहिल्या बोटाच्या टोकाला सुईने टोचल्याच्या बारीक खुणा होत्या, जवळजवळ. आणि ॲप्रनला निळ्या दोऱ्याचं एक टोक चिकटलेलं होतं.

एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली. एखादी वस्तू नाहीशी करायची असेल, तर माणूस तिची लांबीरुंदी मोजत बसत नाही.

"आणि ऐक," लुर्डस मागून म्हणाली, "गॅरेजच्या फळीवरच्या माझ्या बाटलीला कोणी हात लावला, तेही शोध. तोंडावरच्या फडक्याची गाठ बदललीये. बुटाच्या लेसला मारतात तशी गाठ! माझ्या घरात असली गाठ कोणी मारत नाही."

४

ॲन्ड्रिया वरच्या खोलीत होती. अर्धवट भरलेल्या सूटकेसशेजारी ती जमिनीवर बसली होती आणि काही भरत नव्हती.

"शोभा आंटी, बी ऑनेस्ट. मम्मीने घेतला का?"

"तुला काय वाटतं?"

"आय डोन्ट नो. बघा ना, जॉब मिळाला तेव्हापासून ती एकदाही 'जा' म्हणाली नाही. 'तुझं तू बघ' म्हणते, 'तुला पटेल ते कर' म्हणते. डॅडी म्हणतो, जा. ऑल माय फ्रेंड्स. फक्त ती नाही." तिने डोळे पुसले. "आणि आता तिने असं काही केलं असेल ना, म्हणजे इतकं तिला लागलं असेल, तर मी नाही जाऊ शकत. संध्याकाळी क्लिनिकला कन्फर्म करायचंय. मी नाही सांगणार आहे."

"अगं, एका लाकडासाठी?"

"लाकडासाठी नाही, आंटी. डॅडी खाली बसलाय, मम्मी किचनमध्ये. दे आर नॉट टॉकिंग. मी रविवारी गाडी काढून निघून जाऊ आणि हे दोघं असेच बसणार?"

या घरात इतक्या वर्षांत शोभाने आवाज ऐकले होते, भांडणं ऐकली होती, नाताळात बेसूर गाणी ऐकली होती. अबोला पहिल्यांदाच ऐकत होती. चोर सापडणं आता तिच्या हौसेपुरतं राहिलं नव्हतं.

"फोन संध्याकाळी कर," ती म्हणाली. "त्याच्या एक मिनिटही आधी नको."

५

ॲलन परेरा क्वेकर्स हिलला राहायचा. हेतू शोधायचाच म्हटला तर तो त्याच्याकडे भरपूर होता. ऑरेंज गावाजवळच्या बागेत पडलेलं अक्रोडाचं झाड त्याने आणि कॉस्मासने मिळून आणलं होतं आणि निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं. ॲलनने घाईघाईने हीटरपाशी सुकवलेला त्याचा तुकडा उभा तडकला. कॉस्मासने धीर धरला आणि त्याच्या तुकड्यातून लाटांसारखी रेघ निघाली.

"जेलस? ऑफ कोर्स आहे जेलस!" ॲलन मोकळेपणाने म्हणाला. "क्लबात सगळ्यांसमोर बोललोय मी, हा दस्ता मला हवा होता म्हणून. पण चोरून करू काय? तो त्या पोरीच्या मापाचा. शिवाय ती डावखुरी. गाल टेकायचा फुगवटा उजव्या बाजूला आहे. मी खांद्याला लावला तर माझं तोंड भलतीकडे जाईल."

शोभाने मनातल्या मनात ॲलनच्या नावावर काट मारली. मग विचार करताना सवयीप्रमाणे तिने डाव्या हाताच्या बोटाचं नख दातात धरलं.

आणि तिचा ओठ पेटला.

"पाणी! ॲलन, पाणी दे!"

ॲलनची बायको कॅरेन धावत ग्लास घेऊन आली. ॲलनने शोभाचं बोट पकडून नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"आयला! लसूण, मोहरी, मिरची. हे लोणच्यावर ओतायचं तेल आहे. लुर्डसचंच असणार, तिच्याइतकी मिरची दुसरं कोणी घालत नाही."

"शक्यच नाही. हे मी जमिनीवरून उचललं, दस्त्याच्या खालून. गॅरेजमध्ये तर नुसता टर्पेंटाइनचा वास येत होता."

"टर्पेंटाइनपुढे कशाचा वास येणार? थांब, दाखवतो." त्याने स्वयंपाकघराचं कपाट उघडलं. आत बिअरच्या तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या होत्या. "बघ. ही मसाल्याची, ही व्हिनेगरची, ही तेलाची. आम्हा वसईकरांचं सगळं बिअरच्या बाटलीत. काळ्या काचेत ऊन लागत नाही, वर्षभर टिकतं. लेबल कशाला? बूच बघितलं की आमच्या पोरांनाही कळतं. फडकं बांधलेलं असलं तर खायचं."

"आणि कॉस्मासचं लाकडाचं तेल?"

"तेही बिअरच्याच बाटलीत असेल. पण त्याला लाकडी बूच."

शोभाचा ओठ अजून चुरचुरत होता, पण डोकं एकदम स्वच्छ झालं होतं. दस्ता चोरीला गेलाच नव्हता. कोणीतरी त्याचे लाड करायला गेलं होतं.

६

परतताना ती गाडी चालवत एकेक नाव तपासत होती, ऑफिसात बग शोधताना तपासते तसं.

कॉस्मास? त्याला आपली बाटली ठाऊक. लुर्डस? स्वतःच्या हाताने बांधलेलं फडकं ती विसरेल? ॲन्ड्रिया त्या बाटल्यांमध्येच वाढलेली, ॲलनही तसाच. म्हणजे ज्याने तेल लावलं त्याला कॉस्मासची तेल चोळायची पद्धत माहीत होती, बाजूच्या दाराचा कोड माहीत होता, पण बिअरच्या बाटलीत लोणच्याचं तेल असू शकतं हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. वसईचा माणूस नव्हे. बिअरच्या बाटलीत बिअर नसेल तर रॉकेल असेल, असं मानणाऱ्या घरातला.

आणखी एक. बाटलीचं तोंड उघडलं की लसणीचा भपकारा येणार. हातभर अंतरावरून कळेल. त्याला कळला नाही. म्हणजे त्याचं नाकच...

शोभाने गाडी घरासमोर लावली. सहा वाजायला आले होते. निदान कढी तरी टाकावी, म्हणजे हात चालला की डोकं चालेल. तिने फ्रीज उघडला. काल सकाळी लावलेलं दही, मोठा डबाभर, आत नव्हतं. डबा सिंकमध्ये होता, धुऊन पालथा घातलेला.

"दत्ता," तिने हाक मारली, "दही कोणी संपवलं?"

"मी," आतून आवाज आला. "खाल्लं."

शोभा फ्रीजचं दार तसंच उघडं ठेवून उभी राहिली. दत्तप्रसाद केळकर. लहानपणापासून सर्दीत दह्याकडे बघायचंसुद्धा नाही असं मानणारा. साधं ताक पुढे केलं तरी दोन हात लांब सरकणारा. त्या माणसाने, नाक गळत असताना, डबाभर दही खाल्लं?

आणि हीटर लावलेल्या घरात हातात लोकरीचे मोजे?

७

अर्ध्या तासात सगळे तुस्कानोंच्या गॅरेजमध्ये जमले. ॲलनही मागोमाग आला होता, ही मजा त्याला चुकवायची नव्हती. लुर्डस आणि कॉस्मास दोन टोकांना उभे होते. ॲन्ड्रियाच्या हातात फोन होता.

शोभाने आधी लुर्डसची बाटली उचलून दाखवली. पातळी बोटभर उतरली होती. मग एकेक पायरी सांगत गेली: ओले थेंब, बदाबदा ओतलेलं तेल, बुटाच्या लेसची गाठ, बिअरची बाटली आणि बंद नाक.

"ज्याने हे तेल लावलं त्याने कॉस्मासची पद्धत डोळ्यांनी पाहिलेली आहे," ती म्हणाली. "म्हणून त्याने फडकं वापरलं नाही. उघड्या तळव्याने चोळलं, लाकूड गरम लागेपर्यंत. लाकडाचं माहीत नाही, पण हात नक्की गरम झाले. मिरचीचं तेल ते. मग तेच हात डोळ्यांना लागले. मग घरी जाऊन त्याने दोन्ही हात दह्याच्या डब्यात घातले. लुर्डस, तुझ्याकडे टेप होती कारण तू काहीतरी मापाने शिवते आहेस. चोराला माप कशाला? ॲलन, तुला तो दस्ता खांद्याला लावता येत नाही. आणि ज्याला मी शोधत होते तो—" तिचा आवाज किंचित चिरकला, "तो दुपारपासून मफलर गुंडाळून माझ्याच घरात बसलाय. दत्ता, मोजे काढ."

सगळ्यांच्या माना वळल्या. दत्तप्रसादने आधी एक लांबलचक शिंक दिली. मग मोजे काढले. तळवे टोमॅटोसारखे लाल होते.

"मी दुपारपासून सांगायचा प्रयत्न करत होतो," तो कळवळून म्हणाला. "दर वेळी शिंक!"

"दिवसभर शिंकत होतास?" शोभा कडाडली.

"नाही. मध्ये मध्ये घाबरतही होतो." त्याने कॉस्मासकडे पाहिलं. "वर्षभर बघतोय तुला ते तेल चोळताना. तू कोणाला हात लावू देत नाहीस. काल मीटिंग संपली, तुझा कोड बघून बघून पाठ झालेला, सहज डोकावलो, तर तो बिचारा कोरडा लटकलेला. तू शनिवारी येणार, रविवारी ती निघणार. म्हटलं, एक हात आपणही द्यावा. तिला मीसुद्धा सायकल शिकवली आहे ना रे! चोळलं, मन लावून चोळलं. घरी गेलो आणि हातांना आग लागली, तेव्हा कळलं काहीतरी भलतंच झालंय. मग परत येऊन दस्ता नेला. टर्पेंटाइनने पुसला, उन्हात ठेवला, पुन्हा पुसला. वाटलं, तू शनिवारी यायच्या आत जागेवर टांगीन."

"आहे कुठे तो?"

"आमच्या गॅरेजमध्ये. गणपतीच्या मखराच्या खोक्यात."

शोभाने कपाळावर हात मारला. ते खोकं भाद्रपदापर्यंत कोणी उघडलं नसतं.

ॲलन पळत जाऊन दस्ता घेऊन आला. कॉस्मासने तो दिव्याखाली धरला. त्याने नखाने दाबून पाहिलं, अंगठा फिरवला, आतल्या खाचेत बोट घातलं जिथे पोलाद बसणार होतं.

"आत नाही गेलं," तो शेवटी म्हणाला. "माझे आधीचे हात सुकलेले होते, त्यांनी तेल वरच अडवलं. फक्त इथे गालापाशी जरा प्यायलंय. आज एक पातळ हात दिला की उद्या तयार."

"माझं तेल!" लुर्डसला आता कंठ फुटला. "लाकडाला चोळलं माझं तेल! दत्ता, तुला मी जेवायला वाढते ते काय नाक बंद करून खातोस?" आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं. ती हसली तसा ॲलन हसला, ॲन्ड्रिया हसली, आणि दत्तप्रसाद आपले लाल तळवे हवेत धरून कसनुसा हसत उभा राहिला.

कॉस्मास तेवढा हसला नाही. तो गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला.

"लुर्डस, मी तुला चोर समजलो. तोंडाने बोललो नाही, पण समजलो. चुकलं माझं."

"तोंडाने बोलला असतास तर भांडता तरी आलं असतं," लुर्डस म्हणाली. "हे नुसतं बघणं परत करशील तर बघ."

"नाही करणार."

ती आत गेली आणि काखेत गुंडाळी घेऊन आली. निळ्या दोऱ्याने टाके घातलेली लांबट गोधडी होती ती, रायफलच्या आकाराची पिशवी, एक बाजू अजून उघडी. कापड कुठलं ते ॲन्ड्रियाने लगेच ओळखलं: तिच्या शाळेचा निळा गणवेश, युनिच्या पहिल्या वर्षाचा टीशर्ट, आईचा फुलाफुलांचा ॲप्रन.

"अर्धवट आहे," लुर्डस म्हणाली. "चेन लावायची राहिली. म्हणून दाखवत नव्हते."

ॲन्ड्रियाने गोधडी उराशी धरली आणि तशीच बाहेर गेली. थोड्या वेळाने अंगणातून तिचा आवाज ऐकू आला, "येस, मंडे मॉर्निंग. आय विल बी देअर." गॅरेजमधला प्रत्येक माणूस बाटल्या निरखण्यात गुंग असल्याचं दाखवत होता.

८

शनिवारी जेवण अंगणात झालं. दत्तप्रसादला शिक्षा म्हणून सगळ्या बाटल्यांवर मराठीत लेबलं चिकटवायचं काम दिलं होतं, आणि त्याने 'खायचं', 'लावायचं', 'विचारून घ्या' असे तीन प्रकार केले होते. लोणचं त्याच्यापासून लांब ठेवलं होतं. शोभाने मात्र दोनदा घेतलं.

मग कॉस्मासने तिजोरी उघडली. गॅरेजच्या टेबलावर त्याने पोलाद लाकडात बसवलं, दोन स्क्रू आवळले, बोल्ट बाजूला काढून ठेवला आणि रायफल लेकीच्या हातात दिली. बोलायचं म्हणून त्याने काहीतरी ठरवलं होतं. ते त्याला आठवेना. "मापाची आहे का बघ," एवढंच म्हणाला.

ॲन्ड्रियाने ती डाव्या खांद्याला लावली, नळी रिकाम्या भिंतीकडे धरून. दस्ता खांद्यात जाऊन बसला. तिने गाल टेकवला आणि ती तशीच थांबली. मग तिचे खांदे हलायला लागले.

"काय झालं? लांब झाला का?" कॉस्मास घाबरला.

"नो, डॅडी. पर्फेक्ट आहे." ती हसत होती. "पण याला मम्मीच्या लोणच्याचा वास येतोय! इथे, गालापाशी."

"अरेरे. दे इकडे, पॉलिश पेपर मारून काढतो, दहा मिनिटांत—"

"हात लावायचा नाही!" ॲन्ड्रियाने रायफल छातीशी ओढली. "कोणीच लावायचा नाही. मला असाच हवाय. तिकडे कोण देणार मला हा वास?"

लुर्डस दारात उभी होती. हातात रिकामी ताटं होती, ती तिने शोभाकडे दिली. पुढे आली, वाकली आणि लेकीच्या गालाशेजारी आपलंही नाक त्या लाकडाला लावलं. लसूण जरा जास्त झाली होती, पण मिरची बरोबर होती.

"जा गं," ती म्हणाली. "खुशाल जा. आणि पोचलीस की फोन कर. मेसेज नको, फोन."